फर्मवेअरमधील चालक-घटक

फर्मवेअरमधील चालक-घटक : संगणकाच्या मुख्य मंडलफलकावरील (मदरबोर्डवरील) कायम स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीस फर्मवेअर म्हणतात. तिच्या ज्या स्वतंत्र भागांमुळे दर्शकपट, साठवण-साधने, जालजोडणी इ. उपकरणे परिचालन प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टिम) सुरू होण्यापूर्वीच वापरता येतात, त्या भागांना चालक-घटक (ड्रायव्हर मॉड्यूल) ही संज्ञा देतात. परिचालन प्रणालीतील चालक-आज्ञावली वेळोवेळी बदलल्या जातात, हे सर्वपरिचित आहे. फर्मवेअरमधील चालक-घटक मात्र फलकाच्या निर्मात्याने नवे फर्मवेअर प्रसिद्ध केले तरच बदलतात. निर्मात्याने हे काम थांबविल्यावर यंत्र सुस्थितीत असूनही हे घटक जुनेच राहतात. अशा वेळी ते फर्मवेअरच्या प्रतिमेतून (संपूर्ण मजकुराच्या फाइलीतून) काढून त्यांच्या जागी नवे बसविण्याच्या क्रियेस हस्तकृत अद्ययावतीकरण म्हणतात. ही क्रिया फर्मवेअरच्या सुट्या घटकांच्या रचनेमुळे शक्य होते. ती कोठवर करता येईल हे मात्र त्या रचनेभोवती उभारलेल्या विश्वासार्हतेच्या यंत्रणेवर अवलंबून असते.

आवश्यकता : संगणकास वीज मिळताच प्रक्रियक (प्रोसेसर) एका ठराविक पत्त्यावरील आज्ञा वाचू लागतो. त्या क्षणी मुख्य स्मृती वापरण्याजोगी नसते आणि परिचालन प्रणाली साठवण-तबकडीवर असते. तबकडी वाचण्यासाठी चालक-आज्ञावली लागते. पण ती आज्ञावली तबकडीवरच ठेवली, तर ती वाचणार कोण, असा पेच निर्माण होतो. तो सोडविण्यासाठी किमान आवश्यक चालक-आज्ञावली फलकावरील चकतीतच (चिपमध्येच) ठेवाव्या लागतात. परिचालन प्रणालीने ताबा घेतल्यावर ती स्वतःचे चालक वापरते व फर्मवेअरमधील बहुतेक घटकांचे काम संपते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : फर्मवेअरमधील चालक बदलल्याने परिचालन प्रणालीतील दैनंदिन कामाचा वेग सामान्यपणे वाढत नाही. एखाद्या साधनावरून संगणक सुरू करता येणे, प्रारंभीच्या पडद्यावर चित्र दिसणे अथवा एखादा सुरक्षा-दोष दूर होणे, अशा स्वरूपाचा लाभ त्यातून मिळतो.

इतिहास : ‘बायॉस’ (बेसिक इनपुट-आउटपुट सिस्टिम) ही संज्ञा गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम या १९७० च्या दशकातील परिचालन प्रणालीतून आली. ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसी या संगणकात ८ किलोबाइटांचे बायॉस केवळ-वाचन स्मृतीत (रॉममध्ये) होते. सर्व उपकरणांचे चालक एवढ्या जागेत मावणे शक्य नव्हते आणि पुढे कोणती उपकरणे येतील याचा अंदाजही नव्हता. त्यामुळे जोडपत्रावरच (ॲड-इन कार्डवर) त्याचा चालक ठेवण्याची पद्धत रूढ झाली. त्यास ‘ऑप्शन रॉम’ म्हणतात. बायॉस ठराविक स्मृतिक्षेत्र दर २ किलोबाइटांच्या अंतराने तपासते. तेथे षोडशमान पद्धतीतील ५५ व एए हे दोन बाइट आढळले, तर पुढील बाइटावरून रॉमची लांबी ५१२ बाइटांच्या पटीत कळते. सर्व बाइटांची बेरीज २५६ ने नि:शेष भागली गेली, तरच तो चालक ग्राह्य धरून चालविला जातो. १९८३ मधील आयबीएम एक्सटी संगणकातील हार्ड डिस्क या पद्धतीनेच कार्यान्वित होत असे. ही बेरीज अपघाताने झालेला बिघाड ओळखू शकते, हेतुतः केलेला बदल ओळखू शकत नाही. पुढील काळातील अनेक प्रश्नांचे मूळ या फरकात आहे.

सुरुवातीची रॉम चकती कारखान्यातच भरली जाई आणि तिच्यातील मजकूर बदलता येत नसे. १९७१ मध्ये इंटेल कंपनीत डॉव्ह फ्रोमन यांनी शोधलेली ईप्रॉम चकती जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाने पुसता येत असे. परंतु त्यासाठी ती फलकावरून काढावी लागे. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या फ्लॅश स्मृतीमुळे चकती जागेवरच विजेने पुसून पुन्हा लिहिता येऊ लागली. १९९० च्या दशकात मदरबोर्डांवर तिचा सार्वत्रिक वापर सुरू झाला व फर्मवेअरचे अद्ययावतीकरण सामान्य वापरणाऱ्याच्या आवाक्यात आले.

या सोयीबरोबर धोकाही आला. १९९८ मध्ये तैवानमध्ये निर्माण झालेला ‘सीआयएच’ हा संगणक-विषाणू २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर कार्यान्वित झाला. त्याने हार्ड डिस्कवरील माहितीची नासधूस केलीच; शिवाय काही विशिष्ट मंडलसंच असलेल्या फलकांवरील फ्लॅश चकतीतील मजकुरावर निरर्थक माहिती लिहून ते संगणक पूर्णतः निकामी केले. जे वापरणाऱ्यास लिहिता येते ते घुसखोरासही लिहिता येते, हा धडा या घटनेने दिला.

भारतीय भाषांच्या संदर्भात फर्मवेअरची मर्यादा याच काळात ठळकपणे जाणवली. त्या वेळच्या संगणकांच्या दर्शक-पत्रावरील रॉममध्ये रोमन लिपीची व काही चिन्हांची मिळून २५६ अक्षरचित्रे असत. देवनागरी त्यांत नव्हती. कानपूरच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेत सुरू झालेले व १९८८ पासून पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्रात (सी-डॅक) पुढे नेलेले ‘जिस्ट’ हे तंत्र यावरील उपाय होता. जिस्ट पत्र संगणकाच्या खाचेत बसविले म्हणजे डॉस प्रणालीवरील अनेक सामान्य आज्ञावलींमधून मराठी व अन्य भारतीय लिप्यांतील मजकूर पडद्यावर दाखविता येई. यंत्राच्या मूळ फर्मवेअरमध्ये जे नव्हते ते जोडपत्राने पुरविण्याचे हे आपल्याकडील लक्षणीय उदाहरण होय. [⟶ संगणक].

यूईएफआयची रचना : जुने बायॉस हे एकसंध आज्ञावलीसारखे असून ते प्रक्रियकाच्या १६-बिट अवस्थेत व १ मेगाबाइट पत्ताक्षेत्रात अडकलेले होते. इंटेलने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात इटॅनियम प्रक्रियकासाठी ‘ईएफआय’ ही नवी रचना आखली. २००५ मध्ये अनेक कंपन्यांच्या सहभागाने यूईएफआय मंच स्थापन झाला आणि ही रचना सामाईक मानक बनली. तिच्या पायाभूत आज्ञावलीचा मोठा भाग ‘टियानोकोअर’ या प्रकल्पाद्वारे २००४ पासून मुक्त स्वरूपात उपलब्ध आहे.

या रचनेत फर्मवेअर चार प्रमुख टप्प्यांतून जाते. पहिल्या (सुरक्षा) टप्प्यात विश्वासाचा आरंभबिंदू ठरतो. दुसऱ्या (पीईआय) टप्प्यात मुख्य स्मृती कार्यान्वित होते. तिसऱ्या (डीएक्सई) टप्प्यात चालक-घटक एकामागून एक स्मृतीत आणून चालविले जातात व चौथ्या टप्प्यात प्रारंभ-साधनाची निवड होते. फ्लॅश चकतीवर ‘फर्मवेअर-खंड’ असतात. त्यांत फाइली व फाइलींत विभाग असतात. प्रत्येक फाइलीस १२८ बिटांचा अनन्य ओळखक्रमांक असतो. एखाद्या ग्रंथालयात पुस्तक त्याच्या वर्गांकावरून शोधावे त्याप्रमाणे घटक त्याच्या ओळखक्रमांकावरून शोधला जातो. डीएक्सई टप्प्यातील घटक जागा वाचविण्यासाठी सामान्यपणे संक्षेपित (दाबलेल्या) स्वरूपात ठेवतात.

चालक-घटकांचे प्रकार : हस्तकृत अद्ययावतीकरणाच्या दृष्टीने पुढील प्रकार महत्त्वाचे आहेत. (१) दर्शक-चालक : प्रक्रियकातच अंतर्भूत असलेल्या चित्रमंडलासाठी ‘जीओपी’ नावाचा घटक फलकाच्या फर्मवेअरमध्ये असतो. स्वतंत्र दर्शक-पत्राचा चालक मात्र त्या पत्रावरील रॉममध्येच असतो. (२) साठवण-चालक : अनेक तबकड्या एकत्र जोडून वापरण्याच्या (रेड) व्यवस्थेचे चालक, तसेच एनव्हीएमई पद्धतीच्या स्थिरावस्था साठवण-साधनांचे चालक. (३) जाल-चालक : जालावरून संगणक सुरू करण्यासाठी लागणारे घटक. यांखेरीज प्रक्रियकाचा सूक्ष्मसंकेत (मायक्रोकोड) हाही फर्मवेअरमध्ये असतो. तो चालक नव्हे. प्रक्रियकाच्या अंतर्गत वर्तनातील दोष दुरुस्त करणारा तो मजकूर असून त्यावर प्रक्रियक-निर्मात्याची स्वाक्षरी असते. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या ‘स्पेक्टर’ दोषानंतर सूक्ष्मसंकेताच्या अद्ययावतीकरणास विशेष महत्त्व आले. परिचालन प्रणालीही प्रत्येक प्रारंभाच्या वेळी तो पुरवू शकते.

एनव्हीएमईचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. या पद्धतीच्या मानकाची पहिली आवृत्ती मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यापूर्वीच्या व त्यानंतरच्या काही वर्षांतील अनेक फलकांच्या फर्मवेअरमध्ये तिचा चालक नाही. अशा फलकाच्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत अनुयोजकाच्या (ॲडॅप्टरच्या) साहाय्याने असे साधन बसविल्यास परिचालन प्रणालीस ते दिसते व त्यावर माहिती साठविता येते. पण त्यावरून संगणक सुरू होत नाही. फर्मवेअर यूईएफआय पद्धतीचे असल्यास त्यात काही किलोबाइटांचा एक डीएक्सई घटक घातल्याने ही अडचण दूर होते.

कार्यपद्धती : हस्तकृत अद्ययावतीकरणाचे पुढील टप्पे आहेत.

(१) ओळख : फलकाचे नाव, त्याची आवृत्ती, मंडलसंच व फर्मवेअरचा क्रमांक निश्चित करतात. एकाच नावाच्या फलकाच्या दोन आवृत्त्यांचे फर्मवेअर भिन्न असू शकते.

(२) जतन : चकतीतील मूळ मजकूर किमान दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते पाहतात. निर्मात्याने दिलेली फाइल या प्रतीची जागा घेऊ शकत नाही. फलकाचा अनुक्रमांक, जाल-पत्ता आणि काही संगणकांत परिचालन प्रणालीची परवाना-किल्ली, ही त्या एकाच यंत्राची माहिती चकतीत असते. ती अन्यत्र मिळत नाही.

(३) विश्लेषण : ‘यूईएफआयटूल’सारख्या साधनाने प्रतिमा उलगडून खंड, फाइली व विभाग यांची उतरंड पाहतात आणि ओळखक्रमांकावरून हवा तो घटक व त्याची आवृत्ती शोधतात.

(४) प्रतिस्थापन : नवा घटक त्याच मंडलसंच-पिढीचा असणे आवश्यक असते. जीओपी घटकाबरोबर फलकावरील दर्शक-जोडण्यांची माहिती देणारे कोष्टक असते. ते त्या फलकासाठीच बनविलेले असल्याने दुसऱ्या फलकावरून घेऊ नये. नवा घटक संक्षेपित करून बसविल्यावर खंडातील रिकामी जागा कमी होते व पडताळा-बेरजा नव्याने मांडाव्या लागतात. पीईआय टप्प्यातील अनेक घटक मुख्य स्मृतीत न आणता चकतीवरील ठराविक पत्त्यावरूनच चालतात. त्यामुळे त्यांच्या आधी असलेल्या फाइलीची लांबी बदलून ते जागेवरून सरकले, तर संगणक सुरूच होत नाही.

(५) पडताळणी : तयार प्रतिमा पुन्हा उलगडून मूळ प्रतीशी ताडून पाहतात. अपेक्षित ठिकाणांखेरीज अन्यत्र फरक आढळल्यास ती प्रतिमा वापरू नये.

(६) लेखन : निर्मात्याची लेखन-आज्ञावली बदललेली प्रतिमा बहुधा नाकारते. तेव्हा बाह्य लेखकाचा (प्रोग्रॅमरचा) उपयोग करतात. संगणकाची वीज पूर्णतः बंद करून आठ पायांच्या चकतीस चिमटा लावतात व दुसऱ्या संगणकावरून ‘फ्लॅशरॉम’सारख्या आज्ञावलीने मजकूर लिहितात. चकतीचे विद्युत् दाबमान आधी तपासणे अत्यावश्यक असते. बहुसंख्य चकत्या ३·३ व्होल्टच्या, तर काही १·८ व्होल्टच्या असतात. अधिक दाब दिल्यास चकतीच नव्हे, तर तिला जोडलेला मंडलसंचही बिघडू शकतो. बाजारातील काही स्वस्त लेखकांच्या संदेश-तारांवर ५ व्होल्ट दाब येतो, हे अशा बिघाडाचे ज्ञात कारण आहे.

लेखन चालू असताना वीज गेल्यास चकतीत अर्धवट मजकूर राहतो व संगणक निश्चेष्ट होतो. म्हणून अखंडित वीजपुरवठ्याची सोय करतात. फलकावर दुसरी राखीव चकती असल्यास अथवा प्रक्रियकाशिवायही चकती लिहिण्याची सोय असल्यास यंत्र पुन्हा सुरू करता येते. अन्यथा बाह्य लेखक व जतन केलेली मूळ प्रत हाच मार्ग उरतो.

जागेची मर्यादा : फर्मवेअरच्या चकत्या सामान्यपणे ८, १६ वा ३२ मेगाबाइटांच्या असतात. नवे घटक घालण्यास ही जागा नेहमीच पुरत नाही. २०१९ मध्ये एएमडी कंपनीच्या नव्या प्रक्रियकांना जुन्या फलकांवर आधार देताना १६ मेगाबाइटांच्या चकत्या अपुऱ्या पडल्या आणि काही फलकांच्या फर्मवेअरमधून सचित्र मांडणी, रेड व्यवस्था व काही जुन्या प्रक्रियकांचा आधार काढून टाकावा लागला. निर्मात्यासही जी तडजोड टाळता येत नाही ती हस्तकृत बदलातही टळत नाही.

सुरक्षितता : फर्मवेअर परिचालन प्रणालीच्या आधी चालत असल्याने त्यातील घातक घटक विषाणुरोधक आज्ञावलीस सहसा दिसत नाही. परिचालन प्रणाली पुन्हा स्थापित केली किंवा साठवण-साधन बदलले तरी तो टिकून राहतो. २०१८ मध्ये आढळलेला ‘लोजॅक्स’ हा अशा प्रकारचा प्रत्यक्ष हल्ल्यात सापडलेला पहिला यूईएफआय घटक होय. हस्तकृत अद्ययावतीकरणात वापरणारा जी कृती करतो तीच कृती लोजॅक्सने केली, म्हणजे चकतीतील प्रतिमा वाचली, तीत एक डीएक्सई घटक घातला व ती परत लिहिली. तंत्र एकच असून हेतू तेवढा भिन्न, ही या विषयातील मध्यवर्ती अडचण आहे.

तिच्यावर दोन भिन्न उपाय योजलेले आहेत व त्यांची गल्लत होऊ नये. २०११ मधील मानकातील ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्था चकतीबाहेरून येणाऱ्या आज्ञावलींची, म्हणजे जोडपत्रावरील चालकांची व परिचालन प्रणालीच्या प्रारंभकाची डिजिटल स्वाक्षरी तपासते. चकतीतील घटक ती सामान्यपणे तपासत नाही. ते काम इंटेलच्या २०१३ पासूनच्या प्रक्रियकांतील ‘बूट गार्ड’सारखी व्यवस्था करते. तीत निर्मात्याच्या सार्वजनिक किल्लीचा गणिती ठसा सिलिकॉनमधील एकदाच वितळणाऱ्या फ्यूजांत नोंदविलेला असतो. फर्मवेअरच्या संरक्षित भागाची स्वाक्षरी त्याच्याशी जुळली नाही, तर संगणक सुरू होत नाही. अशा फलकावर संरक्षित भागातील चालक-घटक हाताने बदलता येत नाही. बाह्य लेखकाने मजकूर लिहिला जातो, पण प्रक्रियक तो स्वीकारत नाही.

स्वाक्षरीमुळे घटक अनधिकृत नाही एवढेच कळते. तो निर्दोष आहे असे सिद्ध होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘लोगोफेल’ दोषात प्रारंभी निर्मात्याचे बोधचिन्ह दाखविणाऱ्या चित्रवाचक घटकांतील चुकांचा फायदा घेऊन स्वाक्षरीचे संरक्षण ओलांडता येत होते. जानेवारी २०२४ मधील ‘पिक्सीफेल’ दोष जाल-घटकांत होते. २०२४ मध्येच उघडकीस आलेल्या ‘पीकेफेल’ प्रकरणात केवळ चाचणीसाठी बनविलेली किल्ली अनेक विक्रीस आलेल्या यंत्रांत तशीच राहिल्याचे दिसून आले. अशा दोषांवरील दुरुस्ती निर्मात्याकडून आली नाही, तर कुलूपबंद फलकाचा मालक सदोष घटक ओळखूनही तो काढू शकत नाही. उलटपक्षी, कुलूप नसलेल्या फलकावर मालक दुरुस्ती करू शकतो, पण घुसखोरही बदल करू शकतो. दोन्ही बाजूंचे हे वजन कोणत्याही एका तांत्रिक उपायाने नाहीसे झालेले नाही.

पर्याय : फर्मवेअरला हात न लावताही काही कामे साधतात. यूएसबी साधनावर ठेवलेला प्रारंभक एनव्हीएमई चालक स्वतः स्मृतीत आणून पुढे परिचालन प्रणाली सुरू करू शकतो. लिनक्स प्रणालीवर २०१५ पासून उपलब्ध असलेल्या ‘एफडब्ल्यूयूपीडी’ या व्यवस्थेमुळे सहभागी निर्मात्यांचे स्वाक्षरीयुक्त फर्मवेअर सुलभपणे मिळते. अमेरिकेतील लॉस ॲलमॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९९ मध्ये ‘लिनक्सबायॉस’ या नावाने सुरू झालेला व २००८ पासून ‘कोअरबूट’ नावाने ओळखला जाणारा मुक्त फर्मवेअर प्रकल्प काही निवडक फलकांसाठी उपयुक्त आहे. जेथे पर्यायाने काम भागते तेथे हस्तकृत अद्ययावतीकरण टाळणे श्रेयस्कर होय.

भारतातील स्थिती : भारतातील शाळा, महाविद्यालये, कार्यालये व घरे यांतून संगणक निर्मात्याच्या आधाराची मुदत संपल्यानंतरही दीर्घकाळ वापरले जातात. विंडोज १० प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने अशा यंत्रांचा प्रश्न अधिक तीव्र झाला आहे. दुरुस्तीच्या हक्काविषयी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये माहितीचे संकेतस्थळ सुरू केले व ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. यंत्र जितके अधिक काळ उपयोगात राहील तितका कचरा कमी होतो. म्हणून फर्मवेअर किती काळ दुरुस्त करता येते हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ अन्वये संगणक-आज्ञावलीची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्यास, ती ज्या प्रयोजनासाठी पुरविली गेली त्यासाठी वापरता यावी म्हणून तीत अनुकूल बदल करण्याची व नुकसानीपासून तात्पुरत्या संरक्षणार्थ प्रत काढण्याची मुभा आहे. बदललेले फर्मवेअर इतरांना वितरित करणे या मुभेत येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तांत्रिक संरक्षण-उपाय मोडण्यासंबंधी आहे. हस्तकृत बदलामुळे निर्मात्याची हमीही बहुधा संपुष्टात येते.

परकीय निर्मात्यावरील अवलंबित्व कमी करण्याचा मार्ग म्हणजे फलकांची रचना देशातच करणे. सी-डॅकने विकसित केलेल्या ‘रुद्र’ सर्व्हरांवर आधारित तीन ‘परम रुद्र’ महासंगणक २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रास अर्पण करण्यात आले. त्यांपैकी एक पुणे जिल्ह्यातील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटीच्या) कामासाठी आहे. फलक रचणाऱ्यास त्यावरील जोडण्यांनुसार फर्मवेअर बेतावे लागते. त्यामुळे अशा प्रयत्नांबरोबर फर्मवेअरमधील घटक वाचू, तपासू व दुरुस्त करू शकणारे तंत्रज्ञ तयार होण्यास वाव मिळतो.

सारांश, चालक-घटकांचे हस्तकृत अद्ययावतीकरण करण्यापूर्वी चार गोष्टी निश्चित असाव्यात : बदलाने मिळणारा लाभ नेमका कोणता, तो अन्य मार्गाने मिळतो का, फलकावर स्वाक्षरीचे कुलूप आहे का आणि मूळ मजकुराची पडताळलेली प्रत व ती परत लिहिण्याचे साधन हाती आहे का. नव्या घटकाचा उगमही विश्वासार्ह असला पाहिजे. अनोळखी ठिकाणाहून आणलेली तयार प्रतिमा चकतीत लिहिणे म्हणजे यंत्राच्या सर्वांत खोल स्तराचा ताबा अनोळखी व्यक्तीस देणे होय.